सहा मिनिटांचे अंतर

कोरेगाव म्हटले की बाहेरचा माणूस हटकून विचारतो, ‘भीमा कोरेगाव का?’ पुण्याचा असेल तर त्याला कोरेगाव पार्क आठवते. आमचे कोरेगाव या दोहोंपैकी नव्हे. ते सातारा जिल्ह्यातले, साताऱ्याहून येताना जरंडेश्वराच्या डोंगरापलीकडचे, पुणे-मिरज लोहमार्गावरचे. येथे वाघ्या घेवडा पिकतो आणि आले पिकते. या लेखाचा आल्याशी काय संबंध, असे वाचकांस वाटेल. परंतु सट्टा म्हणजे काय हे आम्ही प्रथम आल्याच्या शेतात शिकलो, म्हणून तेथूनच आरंभ करतो.

आमचा धाकटा भाऊ वडिलोपार्जित शेती करतो. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आल्याची लागण होते आणि पुढे आठ-नऊ महिन्यांनी पीक काढणीस येते. आमच्या भागात आल्याचा दर क्विंटलवर सांगत नाहीत, ‘गाडी’वर सांगतात, गाडी म्हणजे पाचशे किलो. एका सालात गाडीला मिळालेला दर दुसऱ्या सालात निम्माही राहत नाही. दर पडला तर शेतकरी आले काढीतच नाही, जमिनीत तसेच राखतो. ऊस किंवा टोमॅटो असा राखता येत नाही. राखलेल्या आल्याला पुढल्या साली ‘जुने आले’ म्हणून चढा भाव येतो, किंवा कंदकूज लागून उकरावे तेथे चिखल हाती येतो. भाऊ म्हणतो, ‘‘दादा, आलं म्हंजे शेती न्हाय, आकडा हाय.’’ दक्षिणेला सांगलीत हळदीचा वायदेबाजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. हरिपूरच्या पेवांत हळद जमिनीखाली आणि तिचे व्यवहार जमिनीवर, ते मात्र पुढल्या महिन्यांच्या नावाने. ‘वायदा’ या शब्दाचा मूळ अर्थ वचन असा आहे, हे वर्गात सांगताना आम्हांस नेहमी गंमत वाटे. न दिसणाऱ्या मालावर दिलेले आणि घेतलेले वचन!

आम्ही मात्र आल्यात किंवा हळदीत पैसा घातला नाही. आम्ही मराठीचे प्राध्यापक. आमचा पैसा विज्ञानावरील श्रद्धेने गेला. १९९२ मध्ये भांडवल उभारणीवरचे सरकारी नियंत्रण उठले आणि पुढील तीन-चार वर्षे नव्या कंपन्यांच्या समभागांच्या अर्जांचा जो पूर आला, तो कोरेगावच्या एस. टी. स्थानकापर्यंत पोचला. पानाच्या टपरीवर गुलाबी, पिवळे अर्ज टांगलेले असत. १९९५ साली आम्ही पाच सहकाऱ्यांनी मिळून अशाच एका कंपनीचे, दर्शनी किमतीचे, दहा रुपयांचे शेअर घेतले. ही कंपनी म्हणे ऊतिसंवर्धनाने केळी, ऑर्किड आणि साग यांची रोपे काचेच्या बाटल्यांत वाढवणार होती. नावात ‘बायोटेक’ हा शब्द होता आणि आमच्यापैकी वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्या शब्दाची ग्वाही दिली होती.

ती ग्वाही अगदीच निराधार नव्हती, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मस्करेन्हस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांबूला काचनळीत फुले आणली होती. १९९० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाने ते संशोधन छापले. जो बांबू कित्येक दशकांतून एकदा फुलतो आणि फुलला की मरतो, ज्याच्या फुलण्याला आपल्या खेड्यांत दुष्काळाची चाहूल समजतात, तो बांबू काही आठवड्यांत बोटभर नळीत फुलला! ते खरे विज्ञान होते. मात्र खऱ्या विज्ञानाच्या सावलीला कागदी कंपन्या नेमक्या उगवतात. आमच्या कंपनीचा एक वार्षिक अहवाल आला, दुसरा आला नाही. पुढे ‘सेबी’ने अशा बेपत्ता कंपन्यांचा शोध घेतला, तेव्हा आमच्या पत्राचे पाकीट ‘पत्त्यावर कोणी नाही’ असा शेरा घेऊन परत आले होते. शेअरची प्रमाणपत्रे अद्याप ट्रंकेत आहेत. त्यांवर केळीच्या पानाचे सुरेख चित्र आहे.

या अनुभवानंतर २००४ च्या मार्चमध्ये बंगळूरच्या बायोकॉनचे शेअर ३१५ रुपयांनी विक्रीस आले, तेव्हा आम्ही शहाण्यासारखे बाजूला बसलो. तो अर्ज तीसपटींहून अधिक भरला आणि एप्रिलमध्ये पहिल्याच दिवशी भाव भराभर चढला. म्हणजे आमचा शहाणपणाही चुकला. असो. बायोकॉन १९७८ पासून विकरे बनवून विकत होती, तिच्यापाशी माल होता. आम्हांस पुढे ज्या कंपन्यांशी गाठ पडली त्यांच्यापाशी माल नव्हता, होती ती केवळ एक कल्पना आणि एक तारीख.

भावाचा नातू २००४ मध्येच जन्मला. उशिरा चालू लागला, पण त्याच्या पोटऱ्या अशा भरलेल्या की गल्लीतली जुनी माणसे कौतुकाने म्हणत, ‘‘ह्यो पैलवान हुणार!’’ सातारा जिल्ह्यात याहून मोठा आशीर्वाद नाही. बालवाडीत असताना त्याच्या उठण्याची रीत आमच्या वहिनीच्या ध्यानात आली. जमिनीवरून उठताना तो आधी चार पायांवर येई, मग गुडघ्यांवर हात टेकी, मग मांड्यांवर, जणू स्वतःच्याच अंगावर चढून उभा राही. त्या खुणेला वैद्यकात एका इंग्रज डॉक्टराचे नाव आहे आणि भरलेल्या पोटऱ्यांत स्नायू नसून चरबी आणि तंतू असतात, हे आम्हांस २००९ साली पुण्यात कळले. डुशेन स्नायुक्षय. साडेतीन ते पाच हजार मुलग्यांत एकाला होणारा आजार. बाराव्या वर्षाच्या आत-बाहेर चालणे थांबते, पुढे हात, श्वास आणि हृदय. दोष आईकडून येऊ शकतो, असे डॉक्टर म्हणाले. सूनबाईंच्या तपासणीत तसेच निघाले. त्यानंतर कित्येक महिने आमच्या घरात कोणी काही बोलले नाही. आणि न बोलण्याचा सर्व भार एकाच बाईवर पडला, हेही येथे लिहून ठेवतो.

जनुकांच्या अहवालाचे वाचन माझ्याकडे आले, कारण घरात इंग्रजी वाचणारा मी. (एरवी लेखणी हाती घेतली की आम्ही ‘आम्ही’ होतो, या एका वाक्यापुरते ‘मी’ राहू द्यावे.) अहवालात लिहिले होते की डिस्ट्रॉफिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील ७९ खंडांपैकी ४५ क्रमांकाचा खंड नाही. मानवी जनुकांतील सर्वांत लांब जनुकांपैकी हे एक, सुमारे बावीस लाख अक्षरांचे. एवढ्या ग्रंथातून एक छोटे कडवे गहाळ झाले तर एवढा अनर्थ का व्हावा? हे आम्हांस कोणी डॉक्टर समजावू शकला नाही. समजावले ते वृत्तशास्त्राने.

पेशीतले यंत्र जनुकाची अक्षरे तीन-तीनांच्या गटांनी वाचते. आपण अक्षरगणवृत्त वाचताना नेमके तेच करतो. यमाताराजभानसलगं! श्लोकाच्या आरंभी एक अक्षर गळाले तर पुढचा एकही गण जागेवर राहत नाही. य चा म होतो, म चा त होतो. अक्षरे तीच, परंतु वृत्त उरत नाही आणि वाचणारा चार पावलांत अडखळून थांबतो. तेच तीन अक्षरे एकदम गळाली, तर श्लोक तोकडा होईल, पण त्यापुढचे गण शाबूत राहतील. ४५ व्या खंडात १७६ अक्षरे असतात आणि १७६ ला तीनने भाग जात नाही. बस्स, एवढाच अनर्थ. आता त्याच्या शेजारच्या ४४ व्या खंडात अक्षरे १४८. वाचताना यंत्राला हाही खंड वगळायला लावला तर एकूण गळालेली अक्षरे ३२४, आणि ३२४ भागिले तीन, १०८. हा आकडा आम्ही भावाला सांगितला तेव्हा त्याने गळ्यातल्या माळेला हात लावला. वारकरी माणूस! त्याला वाटले, यात काही संकेत आहे. खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हांसही वाटले.

जगात काही लोक हेच करू पाहत होते. एक खंड झाकून टाकणारे रेणू बनवावेत, म्हणजे वाचन पुढच्या ओळीवर उडी घेईल. श्लोक तोकडा, पण वाचता येण्याजोगा. हे काम मोठ्या औषध कंपन्यांपेक्षा लहान कंपन्याच अधिक करीत. आणि लहान कंपनी म्हणजे काय, हे आमच्या न्यू जर्सीतल्या पुतण्याने आम्हांस फोनवर समजावले. तिच्यापाशी विकायला औषध नसते, उत्पन्न नसते. दर तिमाहीला पैसा जळतो, संपत आला की नवे शेअर छापून पुन्हा मागितला जातो. माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा औषधांतली नऊ बाजारापर्यंत येत नाहीत. सगळी कंपनी एका औषधावर, औषध एका चाचणीवर, चाचणी एका तारखेवर. त्या तारखेस सकाळी पत्रक निघते आणि शेअर एकतर तिप्पट होतो किंवा पाव. १४ ऑक्टोबर १९८० रोजी जेनेन्टेकचा ३५ डॉलरचा शेअर तासाभरात ८८ वर गेला, तेव्हापासून अमेरिकेत ही एक जमातच तयार झाली आहे, असे तो म्हणाला. शिंपी, शिक्षक, दंतवैद्य, सर्व जण रात्री जागून चाचण्यांचे आराखडे वाचतात. आम्हांस जुन्या आल्याची आठवण झाली. जमिनीखाली काय आहे ते कोणास ठाऊक नाही. दर मात्र रोज निघतो.

पुतण्याच्या नजरेत होती ती सारेप्टा. पूर्वीचे नाव एव्हीआय बायोफार्मा. २०१२ मध्ये नाव बदलले आणि सहा जुन्या शेअरांचा एक नवा केला. (भाव फारच खाली गेला की असे करतात. ट्रंकेतल्या कंपनीला तेवढीही संधी मिळाली नाही.) ओहायो राज्यातल्या कोलंबसच्या बालरुग्णालयात तिच्या एटेप्लिरसेन या औषधाची चाचणी चालू होती. मुले किती? बारा. बारा हजार नव्हेत, बारा. पुतण्या म्हणाला, ‘‘काका, मी तीनशे शेअर घेतो. त्यातले निम्मे त्याच्या नावाचे समजा. बुडाले तर माझ्याकडून तुम्ही निम्मा तोटा सोसायचा, वर आले तर निम्मे त्याचे.’’ दर पंधरा डॉलरच्या घरात होता. आमच्या वाट्याची जोखीम त्या वेळच्या हिशेबाने सव्वा लाखाच्या आत. भावाने त्या साली आले बरे विकले होते. तो म्हणाला, ‘‘घाल म्हणावं. नाहीतरी कंदकुजीत जातंच की.’’

औषध ५१ क्रमांकाचा खंड झाकणारे होते. आमच्या मुलास हवा होता ४४. म्हणजे ते यशस्वी झाले तरी त्याला उपयोगी नव्हते, हे आम्हांस पहिल्या दिवसापासून माहीत होते. तरीही आम्ही मनाशी म्हटले, एक खंड झाकता आला की दुसरा झाकता येईल. एका श्लोकाला लागू पडलेला नियम दुसऱ्याला लागू पडणारच. गुंतवणूकदार ज्याला तर्क म्हणतो तो बहुधा असाच असतो.

३ ऑक्टोबर २०१२. अमेरिकेतला बाजार त्या ऋतूत आपल्या सायंकाळी सात वाजता उघडतो. घरात पितृपक्षाची आवराआवर चाललेली होती. पुतण्याने पत्रक धाडले. चाचणीत मुलांना एका मार्गिकेत सहा मिनिटे चालायला लावतात आणि अंतर मोजतात. एवढेच मोजमाप. अठ्ठेचाळीस आठवड्यांनंतर, अधिक मात्रा मिळालेली चार मुले आणि उशिरा औषध मिळालेली चार मुले यांच्या चालण्यात सुमारे ८९ मीटरांचा फरक पडला होता. रात्री बाजार बंद होण्याआधी पंधराचा दर पंचेचाळीसच्या आसपास गेला. आमच्या अंगणातून रस्त्यापर्यंतचे अंतर साधारण तेवढेच भरेल. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता आणि ते अंतर तो मध्ये एकदा बसून चालत असे.

ओटीवर सर्व मंडळी जमली आणि आम्ही ते पत्रक मराठीत वाचून दाखवले. वर्गात उताऱ्याचे विवरण करावे, तसे. त्यात एक वाक्य होते. कमी मात्रेच्या गटातली दोन मुले चाचणी सुरू झाल्यावर लवकरच चालेनाशी झाली, म्हणून चालण्याच्या हिशेबातून त्यांना वगळले आहे, अशा अर्थाचे. ते वाक्य आम्ही वाचले नाही. त्यावर नजर गेली, जीभ पुढच्या ओळीवर गेली. कोणास काही खटकले नाही, कारण मजकूर सलग लागत होता.

त्या आठवड्यात विकले असते तर मुद्दलाचे तिप्पट होते. कोणीही विकण्याचे नाव काढले नाही. विकणे म्हणजे औषधावरचा विश्वास काढून घेणे, अशी काहीतरी भावना सर्वांत होती. जणू आमचे दीडशे शेअर त्या मुलांचे पाय धरून होते. हा निव्वळ भ्रम होता, पण भ्रमालाही घरात राहायला जागा लागते आणि आमच्या घरात ती पुष्कळ होती. पुढल्या वर्षी, १२ नोव्हेंबर २०१३ रोजी, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एवढ्याशा पुराव्यावर अर्ज करणे घाईचे ठरेल असे कळवल्याची बातमी आली आणि शेअर एका दिवसात चौसष्ट टक्के पडून तेरा डॉलरच्या घरात आला. गंमत अशी की दरम्यान रुपयाही घसरला होता, त्यामुळे रुपयांत मोजले तर आमचे मुद्दल जवळपास जागेवर होते. ‘‘म्हंजे आपलं काईच झालं न्हाय,’’ भाऊ म्हणाला. २०१४ च्या दिवाळीत मुलगा चालायचा थांबला. एका दिवशी थांबला असे नव्हे; किल्ला करताना तो बसूनच राहिला आणि नंतर आम्ही दिवस मोजू लागलो तेव्हा ध्यानात आले.

२०१६ चा एप्रिल. सल्लागार समितीची बैठक झाली. देशभरातून आलेले पालक, चाकांच्या खुर्चीतली मुले, आणि समोर आकडेवारी पाहणारे तज्ज्ञ. मुलांच्या स्नायूंत तयार झालेले प्रथिन निरोगी माणसाच्या एक टक्क्याच्याही आत होते. मतदान झाले ते सात विरुद्ध सहा, औषधाच्या विरोधात. आमची स्थिती विलक्षण होती. विद्यार्थ्यांना आम्ही आयुष्यभर शिकवले की पुराव्याविना विधान करू नये, एका हस्तलिखितावरून पाठ ठरवू नये. बारा मुलांवरून औषध ठरवू नये, हे म्हणणारे तज्ज्ञ आमच्याच पंथाचे. आणि आमचे मन त्या खुर्च्यांतल्या मुलांबरोबर ओरडत होते. यात दीडशे शेअरांचा वाटा किती आणि नातवाचा किती, हे वेगळे करण्याचा आम्ही प्रयत्न केला. जमले नाही.

१९ सप्टेंबर २०१६ रोजी प्रशासनाच्या वरिष्ठ अधिकारी जॅनेट वुडकॉक यांनी आपल्याच परीक्षकांच्या हरकती बाजूस सारून औषधास त्वरित मान्यता दिली. शेअर एका दिवसात सत्तर टक्क्यांहून अधिक चढला. त्या आठवड्यात पुतण्याने विचारले आणि भावाने ‘काढ’ म्हणून सांगितले. आल्याच्या माणसाला काढणीची वेळ कळते. कर वजा जाता आमच्या वाट्यास साडेचार लाखांच्या आसपास आले. औषधाची किंमत मात्र वर्षाला सरासरी तीन लाख डॉलर ठरली, म्हणजे तेव्हाचे दोन कोटी रुपये.

पैशांतून विजेवर चालणारी खुर्ची आली, ओटीला उतार केला, न्हाणीघर मोठे केले, आणि पुढे रात्री श्वासाला लागेल त्या यंत्रासाठी रक्कम बाजूला ठेवली. याच दिवसांत सूनबाईंनी ते जुने पत्रक मोबाइलवर स्वतः वाचले. त्या बारावीपर्यंत शिकलेल्या. शब्दकोश घेऊन दोन दुपारी बसल्या असाव्यात. उताराचे सिमेंट ओले होते, त्यावर पोती टाकलेली होती. त्या आम्हांस म्हणाल्या, ‘‘अण्णा, ती दोन मुलं कुठं गेली?’’

आम्ही म्हणालो, ‘‘कोणती?’’

‘‘तुम्ही वाचली नव्हती ती.’’

आम्ही संख्याशास्त्राचे काहीबाही सांगितले. ज्यांचे चालणेच थांबले त्यांचे अंतर मोजता येत नाही, आजार आधीच फार पुढे गेलेला असावा, पत्रकात ही गोष्ट लपवलेली नव्हती, वगैरे. यातले खोटे काही नव्हते. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, ‘‘कंपनीनं लिहिलं होतं. आपल्या घरात वगळलं.’’ खुर्ची त्यांनी घेतली, उतार वापरला, न्हाणीघरही वापरले. पण त्या पैशाला त्या कधी ‘नफा’ म्हणाल्या नाहीत. ‘ते अमेरिकेचे’ एवढेच म्हणत.

पुढची हकीकत थोडक्यात. २०१९ आणि २०२० मध्ये ५३ क्रमांकाच्या खंडासाठी औषधे मान्य झाली. २०२१ च्या फेब्रुवारीत पुतण्याचा मध्यरात्री फोन, ‘‘काका, ४५ आलं!’’ घरभर दिवे लागले. भावाने माळ हातात घेतली. सतरा वर्षांचा नातू अंथरुणातूनच म्हणाला, ‘‘अण्णा, पंचेचाळीस माझ्यात नाहीच आहे. नसलेलं झाकणार कसं?’’ तो म्हणाला ते बरोबर होते. ज्यांना ४५ झाकल्याने वाचन सलग लागते, त्यांच्यासाठी ते औषध. आमच्या मुलाला झाकायचा होता ४४. बारा वर्षे हा अहवाल आम्ही वाचत होतो, इतरांस समजावत होतो, आणि पुतण्याच्या एका हाकेसरशी आकड्याला आकडा जुळला म्हणून नाचलो. तो हसला. त्याचे हसू तेव्हा फार मोठ्याने येत नसे.

त्याच सुमारास तो बाजाराचा अभ्यासक झाला. खरे पैसे लावण्यास त्याची आई राजी नाही, म्हणून त्याचा बाजार वहीत आहे. कोणत्या कंपनीची चाचणी कोणत्या टप्प्यात, तिच्यापाशी किती तिमाह्यांचा पैसा उरला, निकाल कधी, हे तो सांगतो आणि वही आम्ही लिहितो. पेन धरून ठेवणे त्याला जड जाते. कोविडच्या काळात नोवाव्हॅक्सचा शेअर चार डॉलरच्या आसपास होता तो वर्षभरात तीनशेच्या वर गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा दहाच्या खाली आला, तेव्हा वहीतल्या हिशेबाने त्याने तो दोनशेला ‘विकला’ होता. ही लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवीत होती म्हणून भाऊ म्हणे, ‘‘आपल्या गावची हाय, ठेव.’’ नातू म्हणाला, ‘‘आबा, आलं वेगळं, हे वेगळं. हे जमिनीत ठेवलं तर वाढत नाही.’’ आम्ही चाळीस वर्षे अध्यापन केले. इतका स्वच्छ भेद आम्हांस कधी सांगता आला नसता.

२०२५ चे वर्ष त्या कंपनीस वाईट गेले. जनुकच बदलून देऊ पाहणारा तिचा नवा उपचार, एलेव्हिडिस, २०२३ च्या जूनमध्ये लहान मुलांसाठी मान्य झाला होता. किंमत बत्तीस लाख डॉलर. २०२४ मध्ये मान्यता मोठ्या, न चालणाऱ्या मुलांपर्यंत वाढवली. मार्च २०२५ मध्ये आणि पुन्हा जूनमध्ये, हा उपचार घेतलेल्या एकेका मुलाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्याचे जाहीर झाले. जुलैत प्रशासनाने पुरवठा थांबवण्यास सांगितले. वर्षारंभी एकशेवीसच्या आसपास असलेला शेअर वीसच्या खाली आला. पुतण्याचा निरोप आला, ‘काका, एवढा स्वस्त पुन्हा मिळणार नाही. घ्यायचे का? निम्मे निम्मे, मागच्यासारखे.’

पाऊस लागून राहिला होता. भाऊ जुन्या आल्याची चिंता करीत ओटीवर बसला होता, काढावे तर दर नाही, ठेवावे तर कूज. निरोप आम्ही मोठ्याने वाचला. या वेळी बातमीही सबंध वाचली, दोन्ही मृत्यूंसह, एकही वाक्य न गाळता. सूनबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

नातू एकवीस वर्षांचा. तो म्हणाला, ‘‘दोघंही खुर्चीतलेच होते, अण्णा.’’

कोणी काही बोलले नाही. मग त्याने वही काढायला सांगितली. आम्ही तारीख घातली, कंपनीचे नाव, त्या दिवसाचा दर.

‘‘दरापुढे दोन लिहा.’’

‘‘दोन काय?’’ आम्ही विचारले. ‘‘दोनशे शेअर?’’

‘‘नाही. नुसते दोन.’’

आम्ही लिहिले. नऊ वाजत आले होते, त्याचे यंत्र लावायची वेळ झाली होती. सूनबाईंनी नळी पुसून घेतली आणि वही आम्ही उशाशी ठेवली.